उजव्या खांद्यावरून डाव्या बाजूला

फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. डाव्या हातानं पाण्याची बादली उचलायची नाही. त्या हातात बांगड्या घट्ट घालायच्या नाहीत. त्या हातावर बीपी बघू द्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही. डाव्या खांद्याला पर्ससुद्धा अडकवायची नाही, कारण काखेतल्या गाठी काढल्यात. तिथं दाब आला की हात सुजतो आणि एकदा सुजला की सहजासहजी उतरत नाही. मी मान डोलवत होते. शेवटी विचारलं, "आणि कॅमेरा?"

त्या हसल्या. "काढा की फोटो. छंद असला की मन रमतं."

"छंद नाही मॅडम, धंदा आहे."

मग त्यांनी विचारलं, किती जड असतो. मी टेबलावरची भरलेली मोठी बाटली उजव्या हातानं उचलून दाखवली. म्हटलं, लेन्स आणि फ्लॅश धरून याहून जड. आणि नवरी नटायला बसली की गळ्यात पडतो, तो तिची गाडी निघाल्यावरच उतरतो. मॅडमचं हसू मावळलं. "बघा मग, कसं जमतंय ते," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

सोलापुरात आमचा छोटा स्टुडिओ आहे. पुढं दुकान, मागं घर. माझं माहेर वैरागचं. लग्न होऊन आले तेव्हा कॅमेरा कुठल्या बाजूनं धरतात हेही मला माहीत नव्हतं. यांनीच शिकवलं, आणि तेही गरज पडली म्हणून. आमच्या भागात मुसलमान घरं पुष्कळ. त्यांच्या लग्नांत बायकांच्या हॉलमध्ये पुरुष फोटोग्राफर चालत नाही. आधी लोक घरातल्याच कुणा मुलीच्या हातात मोबाईल द्यायचे आणि मग अर्ध्या फोटोंत डोकी कापलेली निघायची. हे म्हणाले, तू शीक, मी पुरुषांत उभा राहतो, तू पडद्याच्या आत जा. मी गेले आणि रमले. बायका बायकांतच असल्या की वेगळ्या हसतात. पदर, दुपट्टा, कशाचं भान नसतं. एरवी घरात दबून असणारी चुलती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत असते. ते फोटो दुसऱ्या कुणाला मिळणं शक्यच नव्हतं. पुढं इतर घरांतूनही मला बोलावणी यायला लागली. हळदीला, नवरीला नटवताना आत बाईमाणूस असलेलं बरं, असं सगळ्यांनाच वाटायला लागलं.

मग डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सगळं काढून टाकलं. केमो झाली, रेडिएशनचे शेक दिले, केस गेले, केस आले. ते दिवस कसे गेले ते मी इथं सांगत नाही. ते सगळ्यांचे साधारण सारखेच जातात. माझी अडचण त्यानंतर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही नेहमीसारखं आयुष्य जगा. माझं नेहमीसारखं आयुष्य कॅमेऱ्याला टांगलेलं होतं, आणि कॅमेरा एका पट्ट्याला.

जुना पट्टा कॅमेऱ्याबरोबरच आला होता. काळा, चपटा, नायलॉनचा. पूर्वी तो मी डाव्या खांद्याला लावून उजवीकडं कमरेशी सोडायचे. हात खाली नेला की कॅमेरा मुठीत यायचा, बघावं लागायचं नाही. आता डावा खांदा बंद. म्हणून गळ्यात सरळ घालून पाहिला. कॅमेरा येऊन थेट छातीवर टेकला. शेकांनी भाजून काळपट पडलेली कातडी तिथं अजून पातळ होती, आणि मान वाकडी केल्याशिवाय वजन पेलत नव्हतं.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, "आगं, वढाळ म्हशीच्या गळ्यात लोढणं बांधत्यात, तसं दिसतंय की. काढ ते."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच तसं दिसलं होतं.

मग आम्ही दोघं कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार यांच्या ओळखीचा. त्यानं काचेवर पट्ट्यांचा ढीग मांडला. कातडी, कापडी, फोमचे, रबरासारखे ताणणारे. एकेक गळ्यात घालून बघा म्हणाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माळा निवडतेय. तो प्रत्येक पट्ट्याचं कौतुक सांगत होता. हा घामानं सरकत नाही, याला शिवण दुहेरी आहे, याच्या कडीला कुलूप आहे. मला विचारायचं होतं, की डाव्या बाजूला काहीही न टेकणारा पट्टा कुठला? पण त्या काचेपाशी, दुसरी गिऱ्हाइकं उभी असताना, ते तोंडातून निघेना. मी यांच्याकडं बघितलं. हे पट्ट्यावरची चिठ्ठी वाचत होते.

"मॅडम, लेडीज लोकांसाठी हा बेस्ट," दुकानदार म्हणाला आणि त्यानं एक रुंद, मऊ, ताणणारा पट्टा माझ्यापुढं धरला. मी तोच घेतला. तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.

मऊ होता, मानेला टोचत नव्हता. पण ताणणारा असल्यानं चालताना कॅमेरा उड्या मारायचा. एका हळदीच्या घरात जिना चढले आणि वर पोचेपर्यंत लेन्सनं मला इतके ठोसे मारले की वरच्या पायरीवर मी कॅमेरा पोटाशी घट्ट धरून उभी राहिले. धरला होता डाव्या हातानं. संध्याकाळी बोटं जड झाली होती. अंगठी निघता निघेना, साबण लावून काढली. त्या पट्ट्याचा विषय तिथंच संपला.

त्यानंतर तिरका पट्टा आणला. खांद्यावरून छातीवर तिरपा येऊन विरुद्ध कमरेला जातो तो. त्याची एक कडी कॅमेऱ्याच्या तळाला, ट्रायपॉड बसवायच्या भोकात स्क्रूनं बसते, आणि कॅमेरा पट्ट्यावरून वरखाली सरकतो. फोटोग्राफर लोकांना हाच आवडतो. फक्त तो बनवलेला असतो डाव्या खांद्यासाठी, उजव्या हाताला सोयीचा म्हणून. मी उलटा घातला. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला. उजवा हात अंगावरून आडवा नेऊन कॅमेरा उचलायचा. घरात सराव केला. आत्यांना देवघरासमोर बसवून त्यांचेच फोटो काढत राहिले. त्या वैतागून म्हणाल्या, "किती काडतीस? मी काय नवरी हाय व्हय?" पण जमतंय असं वाटलं.

पहिलंच काम एका शादीखान्यातलं होतं. आत बायकांचा हॉल भरलेला. निकाह झाल्याचं बाहेरून कळलं आणि आत मुबारक मुबारक सुरू झालं. मग नवऱ्या मुलाला आत आणलं. आरसी मुशाफ होणार होतं. नवरा-नवरी शेजारी बसतात, डोक्यावर एक ओढणी धरतात, आणि समोर ठेवलेल्या आरशात पहिल्यांदा एकमेकांना बघतात. फोटोवाल्यासाठी अख्ख्या लग्नात याहून मोठा क्षण नाही, आणि तो असतोही पापणी लवेपर्यंतचा. सगळ्या बायका दाटीनं पुढं सरकल्या. मी गुडघ्यावर बसून कॅमेरा उचलत होते, आणि पट्टा कुणाच्या तरी ओढणीत अडकून मागं ओढला गेला.

मी कॅमेरा सोडला नाही. पण पट्ट्यानं आतलं पॅड सरकवलं. ऑपरेशननंतर डावी बाजू भरलेली दिसावी म्हणून ब्रामध्ये घालायचं ते पॅड. आधीच चालता चालता पट्टा त्याला खालून वर ढकलत होता, ते मला जाणवत होतं. आता ते एकदम गळ्याच्या हाडाशी आलं. कुर्त्याखाली तिथं गोळा दिसत होता. समोर बसलेल्या दोन मुलींनी बघितलं, एकमेकींकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. वाईट नव्हत्या त्या. काय झालंय हेच त्यांना कळलं नसणार.

माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. सोडावा तर वजन पट्ट्यावर येणार, पट्टा आणखी ओढणार. मी तशीच बसून राहिले. समोर आरसा उचलला गेला, नवरी लाजली, सगळ्या जणी ओरडल्या, आरसा खाली ठेवला गेला. माझं बोट बटणावर होतं आणि मी ते दाबलं नाही.

नवरीची खाला, म्हणजे मावशी, शेजारीच उभी होती. जाड भिंगाचा चष्मा, हातात गुलाबपाण्याची दाणी. तिनं दाणी कुणाच्या तरी हातात दिली आणि माझा उजवा दंड धरला. "इधर आव बेटी," म्हणाली. मला उठवून बाजूच्या खोलीत नेलं. तिथं मिठाईची खोकी आणि पाहुण्यांच्या बॅगा रचलेल्या होत्या. तिनं दार लावलं आणि दाराला टेकून, माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. "तुमी निवांत नीट करा. कुणी येत नाही हितं."

मी पट्टा काढला, पॅड जागेवर घातलं. ते नीट बसेना. शेवटी तिनं विचारलं, "हुआ?" मी हो म्हटलं. ती वळली. माझी ओढणी घेऊन तिनं डाव्या बाजूनं नीट पसरली, पिन लावली.

"मेरी बहन को भी यहीच था," ती म्हणाली. "लोगां क्या बोलते बोल को घर में बैठ गई. दरवाजे में तक नहीं आती थी."

मी विचारलं, "अब कैसी हैं वो?"

तिनं पिन पुन्हा दाबून बघितली. "चलो," म्हणाली, "दुल्हन राह देख रही."

आणि दार उघडून माझ्या आधी बाहेर गेली. उरलेल्या कार्यक्रमात ती माझ्याकडं बघून हसत होती, मला शरबत पाठवलं, जेवायचा आग्रह केला. पण तिनं उत्तर दिलं नव्हतं, आणि ते न दिलेलं उत्तर मी घरी घेऊन आले.

फोटो कॉम्प्युटरवर उतरवताना यांनी विचारलं, "आरसी मुशाफ कुठंय?"

"नाही मिळालं."

"म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं नाही, पट्टा अडकला आणि पॅड सरकलं एवढंच. हे स्क्रीनकडंच बघत राहिले. मग माउस बाजूला ठेवला. "एक मुलगी ठेवू आपण लेडीजच्या कामाला. तू घरात बसून अल्बमचं बघ. डिझाईन तू माझ्यापेक्षा चांगलं करतेस."

"मी विचारलं का तुम्हाला?"

"तुझ्या तब्येतीसाठी म्हणतोय."

"माझी तब्येत डॉक्टर बघतात. तुम्ही पट्ट्याचं बघा."

बोलून गेले खरं. यांचा चेहरा उतरला. हे तसे बोलणारे नाहीत. दवाखान्यातसुद्धा रोज डबा घेऊन यायचे, खुर्चीवर बसायचे, आणि खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांविषयी बोलायचे. त्यांना भीती वाटते हे मला कळत होतं. पण माझी भीती सांभाळू की यांची?

त्यांनी पट्ट्याचं खरंच बघितलं. आधी दोन्ही खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुली होणारा मागवला, शाळेच्या दप्तरासारखा. त्यात डावा खांदा सुटत नव्हताच, परत पाठवला. मग एक कमरेचा पट्टा आणला. रुंद, चांगला जाड. त्याला उजवीकडं एक खोबण, त्यात कॅमेरा खटकन बसतो आणि कळ दाबल्याशिवाय निघत नाही. खांद्यावर काही नाही, छातीवर काही नाही. यांनी मला तो स्वतः बांधून दिला. मग कॅमेरा खोबणीत अडकवून मला उड्या मारायला लावल्या. कॅमेरा हलला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी जेवायला वाढतानाही तो काढला नाही. आत्या म्हणाल्या, "आता पोलिसावानी दिसतीस," आणि या वेळी त्याही हसल्या.

तो पट्टा घालून मी एका लग्नाला गेले. सकाळपासून सगळं छान चाललं होतं. खोबणीतून कॅमेरा काढायचा, फोटो काढायचा, परत अडकवायचा. मान मोकळी, दोन्ही खांदे मोकळे. मी जवळपास पूर्वीसारखी फिरत होते. नवरीच्या आईनं हाक मारली म्हणून मी झटकन वळले, आणि त्याच वेळी खुर्च्यांच्या रांगेतून एक लहान मुलगी धावत आली. कमरेला बाहेर आलेली लेन्स बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर होती.

तो आवाज मी विसरले नाही. मुलगी आधी गप्प झाली. मग तिनं श्वास ओढला आणि किंचाळली. भुवईच्या वर फुटलं होतं. रक्त तिच्या पांढऱ्या झालरीच्या फ्रॉकवर आलं. तिची आई धावत आली, मुलीला उचललं आणि मला म्हणाली, "डोळा गेला असता तिचा! काय बांधून फिरताय तुम्ही?"

कुणी बर्फ आणला, कुणी हळद. मुलीचे वडील तिला गाडीवरून दवाखान्यात घेऊन गेले, टाका घालून आणलं. परत आल्यावर ती आइस्क्रीम खात होती. मी जवळ गेले तशी तिनं आईच्या साडीत तोंड लपवलं. हे बाहेर सगळ्यांची माफी मागत फिरत होते. त्या दिवशी उरलेलं काम मी कॅमेरा हातात धरून पूर्ण केलं, आणि हात अर्थातच सुजला.

गाडीत हे म्हणाले, "आता बास."

मी म्हटलं, "बास."

मग काही महिने मी घरातच होते. यांनी मुलगी ठेवली नाही. लेडीजची कामं घेणंच बंद केलं. मी अल्बम लावायचे. जुन्या कामांचे फोटो समोर यायचे, माझेच. पाठीमागं पलंगावर बसून आत्या म्हणायच्या, "ही कोण गं? लई देखणी हाय," आणि मी सांगायचे, ही अमक्यांची सून. दिवस जात होते. पण आंघोळीनंतर मी आरशाकडं पाठ करून कपडे घालते आहे, हे माझ्या लक्षात येत होतं. शेजारणीनं हाक मारली तर मी खिडकीतूनच बोलायचे. खालाची बहीण दरवाजापर्यंतसुद्धा येत नव्हती.

एकदा दुपारी दुकानात दोन बायका आल्या. मी मागच्या खोलीत होते, पडदा ओढलेला. एकीचा आवाज ओळखीचा होता. तिच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. आता धाकटीचं ठरलं होतं. "भाभीच पाहिजे आमाला," ती म्हणत होती. "दुसरं कुणी नको. पोरगी बी तेच म्हणते."

हे म्हणाले, "नाही हो. त्या आता काम करत नाहीत. त्यांचं आता काही खरं नसतं."

तब्येतीचं काही खरं नसतं, असं त्यांना म्हणायचं होतं. पण बोलले ते असं. मी पडद्याआड उभी होते, हातात गोंदाची बाटली. बाहेर ती बाई हळू आवाजात "अल्ला रहम करे" म्हणाली. मी गेल्यासारखंच म्हणाली ती.

मी पडदा सारून बाहेर आले. "कधी आहे लग्न?" विचारलं.

यांनी वळून माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी खोलीचं दार लावून आरशासमोर उभी राहिले. या वेळी तोंड करून. पॅड काढून ठेवलं. तिरका पट्टा घेतला, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला. पॅड नसलं की पट्ट्याला ढकलायला काही उरत नाही, तो डावीकडं सपाट बसतो. टाक्यांच्या वणाखालून जातो, जरासा त्यावर घासतो. मी एक जुना टॉवेल फाडला आणि आत्यांच्या मशीनवर त्याची लांब खोळ शिवून पट्ट्यावर चढवली. आता घासत नव्हतं. त्या खोळीमुळं कॅमेरा पट्ट्यावरून सरकेना, उचलायला वेळ लागायला लागला. पण ओढला गेला तर बिघडण्यासारखं आत काही नव्हतं. आणि कॅमेरा कमरेच्या थोडा मागं, माझ्या हाताखाली दाबून राहत होता. लहान मुलांच्या डोक्यापासून लांब.

वरून कुर्ता घालून परत पट्टा लावला आणि बघितलं. पट्ट्यानं कुर्ता आवळून धरला होता. त्यामुळं एक बाजू आहे आणि एक नाही, हे सैल कपड्यात दिसलं नसतं तितकं स्पष्ट दिसत होतं. जो पट्टा मला सोसत होता, तोच सगळ्यांना दाखवून देत होता. ओढणी घ्यावी तर आता ती पट्ट्यात अडकणार. वाटलं, घरात बसावं हेच बरं. मग वाटलं, घरात बसून तरी मी काय करते? आरशाकडं पाठ करते.

लग्नाच्या दिवशी निघाले तेव्हा आत्या समोरच्या खोलीत गव्हातले खडे काढत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हात थांबला.

"आशीच जाणार हायेस?"

"हो."

"ते घालायचं इसरलीस व्हय?"

"नाही विसरले, आत्या. ते घातलं की पट्टा राहत नाही."

"लोकं बगत्याल की."

"बघतील."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील. त्या उठल्या, जवळ आल्या आणि माझ्या कुर्त्याची पट्ट्याखाली गोळा झालेली चुणी ओढून सरळ केली. मग परत गव्हापाशी जाऊन बसल्या. "बगत्यात मग बगू देत," असं पुटपुटल्या, पण माझ्याकडं बघितलं नाही. उंबऱ्यातून मी मागं वळून पाहिलं तर त्या पदरानं डोळे पुसत होत्या.

त्या लग्नात बायकांनी बघितलं. बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. आधी नजर कॅमेऱ्याकडं यायची, मग पट्ट्यावरून वर चढायची, अडखळायची, आणि पटकन बाजूला जायची. एका म्हातारीनं सरळ विचारलं, "कॅन्सर था क्या?" मी हो म्हटलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढं दुसरीला, तिसरीला तिनंच सांगितलं. मला सांगावं लागलं नाही. काही जणींनी मुलींना माझ्यापासून जरा दूर ओढलं, जणू हे लागणारं आहे. नवरी मात्र मेहंदीचे हात वर धरून ओरडली, "भाभी, इधर से लो!" आणि मी घेतला. कॅमेरा उचलायला वेळ लागतो म्हणून काही फोटो हुकलेच. पण या वेळचा आरसा मी सोडला नाही. तो माझ्याकडं आहे.

जेवणाच्या मांडवाजवळ मी आणि हे समोरासमोर आलो. त्यांनी घरून निघताना मला नीट बघितलं नव्हतं. ते सामान घेऊन आधी आले होते. आता बघितलं. हे तिथंच थांबले. मग पाठ करून फ्लॅशच्या बॅटऱ्या शोधायला लागले. घरी पोचल्यावर, मी पट्टा काढत असताना म्हणाले, "दुखलं का?"

"खांदा दुखला थोडा. तिथं नाही दुखलं."

"मला बघवलं नाही," हे म्हणाले. एवढंच. मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. खरं बोलले म्हणून त्यांना माफ करावं, की खरं बोलले म्हणून करू नये, हे मला ठरवता येत नाही.

त्यानंतर मी कामं घेते आहे, पूर्वीपेक्षा कमी. फिजिओथेरपीच्या मॅडमनी फितीनं माझे दोन्ही हात मोजले. डावा दंड वाढलाय. त्यांनी विचारलं, कॅमेरा उचलता का? मी पट्टा दाखवला, कसा घालते तेही दाखवलं. त्या म्हणाल्या, पट्टा चांगला आहे, पण लेन्सला खालून आधार कोण देतं? आधार डावा हातच देतो. त्याला काही उपाय नाही. आता हातावर एक घट्ट बाही घालते, सोलापूरच्या उन्हाळ्यात तिच्या आत घाम साचून कातडी सोलते. हलका कॅमेरा बघतोय. मॅडमनी अमुक वर्षं काम करता येईल असं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एक मात्र झालंय. तिरक्या पट्ट्याचा तळाचा स्क्रू चालून चालून सैल होतो, आणि माझ्या डाव्या कमरेशी असल्यानं मला तो उजव्या हातानं नीट पिळता येत नाही. म्हणून आत जायच्या आधी मी पडद्यापाशी थांबते. हे पुरुषांच्या बाजूनं येतात, खाली वाकतात, स्क्रू घट्ट करतात, कडी ओढून बघतात. मग कडीपासून वर पट्टा सरळ करत येतात. ऑपरेशन झाल्यापासून यांनी मला त्या बाजूला हात लावला नव्हता. पहिल्यांदा हात वणाखाली थांबला आणि परत गेला. आता थांबत नाही, पण त्यांची मान खालीच असते.

"झालं," ते म्हणतात.

मी आत जाते.